श्रीपतरावांच्या तसबिरीस हार पडला त्याची हकीकत

घरच्या खंडेरायास आणि चुलीतल्या विस्तवास हात जोडून ही हकीकत मांडिली. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माहे कार्तिक. ते साली श्रीपतरावांनी फार गैर वर्तन केले. आई जिवंत, बायको जिवंत, स्वतः दोन वेळा भाकरी मोडून खातात, वय साठावर एक, आणि ऐसा धडधाकट पुरुष आपल्या तसबिरीस चंदनाचा हार घालून घेतो, पुढे उदबत्ती लाववितो, आणि आईस एका शब्दाने पुसत नाही. मातुश्री आवडाबाईसाहेब, वय चौऱ्याऐंशी, बहुत कष्टी जाहल्या. हे कैसे घडले ते मुळापासून सांगणे प्राप्त आहे.

शके १९०९ प्रभव संवत्सरी श्रीपतराव हसवणुकीच्या राज्यात चाकरीस राहिले. राज्य म्हणजे टीव्हीवरील दर गुरुवारची विनोदी मालिका, तेथील महाल प्लायवूडचा, भिंती तीन, आणि चौथीच्या जागी कॅमेरे व खुर्च्यांवर आणून बसविलेली प्रजा. श्रीपतरावांस त्या घरातले तात्या केले, काम इतकेच की चहाचा ट्रे घेऊन यावे आणि ठेवून जावे. ऐसियास पहिलेच दिवशी दारातल्या पायपुसण्यात डावा अंगठा अडकला, खासा दोन्ही गुडघ्यांवर आदळले, आणि ट्रे मात्र दोन्ही हातांवर अधांतरी, चहाचा थेंब सांडला नाही. प्रजा हसून लोळली. मग दिग्दर्शकांचा हुकूम जाहला की तात्यांनी दर गुरुवारी पडावे, आणि तात्या अकरा वर्षे पडले. मुलखात डंका वाजला. बाजारात बाया मेथीची जुडी फुकट पिशवीत घालू लागल्या आणि लग्नाकार्यात लोक नवरदेवास सोडून यांच्या भोवती जमू लागले आणि म्हणू लागले, "तात्या, एकदा पडून दाखवा की." आणि ते पडत. मातुश्री तेवढ्या हसल्या नाहीत. गुरुवारी टीव्हीपुढे बसत आणि मुलगा पडला की त्यांचा हात आपसूक पुढे होई. सूनबाई रत्नमाला म्हणत, "आई, खोटं आहे हो ते." मातुश्री म्हणत, "गुडघा खरा आहे ना?"

मग शके १९१६त श्रीपतरावांचे तीर्थरूप वारले. अग्नीचे मडके घेऊन श्रीपतराव पुढे निघाले, डोळे पाण्याने भरलेले, आणि घरच्या उंबऱ्यास पाय अडखळला. मडके हातांत राहिले, गुडघा फुटला, आणि जमलेल्या माणसांतून हसू आले. लगोलग तोंडावर हात गेले, परंतु आलेले हसू मातुश्रींनी दारातून ऐकिले. त्यांत सख्खे धाकटे दीरही होते. त्या दिवसापासून मातुश्रींनी दिरांच्या घरचे पाणी घेतले नाही, आणि श्रीपतराव गुरुवारी पुन्हा पडावयास गेले, कारण प्रजा बसलेली होती.

पुढे शके १९२०त वाहिनीचे धनी बदलले आणि राज्य एका दुपारीत मोडले. प्लायवूडचा महाल टेंपोत घालून नेला. श्रीपतरावांस दुसरी चाकरी लागेना, गंभीर काम मागावे तर समोरचा आधीच हसे. मग लोणच्याच्या जाहिराती केल्या, साड्यांच्या दुकानांच्या फिती कापल्या, आणि मग फिती कापावयासही नवी माणसे आली. पंधरा वर्षे फोन वाजला तो नातलगांचा. श्रीपतराव रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसत.

ऐसे असता क्रोधी संवत्सरी तेच राज्य पुन्हा उभे राहिले. शलाका नामे तरुण दिग्दर्शिका तख्तावर आली आणि तिने श्रीपतरावांस बोलाविले. सूनबाईंनी ओवाळून पाठविले. संध्याकाळी परतले ते इतकेच बोलले, "बारीक काम आहे." आणि पुढील गुरुवारी मातुश्रींनी टीव्ही लाविला तो मालिकेतले तात्या वारलेले, आणि प्लायवूडच्या भिंतीवर पोटचा मुलगा तसबिरीत, गळ्यात हार. मातुश्रींचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

दुसरे दिवशी सकाळी माहेरचा भाचा सदाशिव तोंड उतरवून दारात आला. म्हणाला, "आत्या, कसं हो झालं?" दार उघडिले होते खुद्द श्रीपतरावांनी. ते म्हणाले, "ये सदा. चहा घेणार?" सदाशिव तेथेच उंबऱ्यावर बसला. त्यास पाणी देऊन मातुश्रींनी मुलास पुढे घेतले.

"श्रीपा, हे काय केलंस?"

"आई, भिंतीवर का होईना, दर गुरुवारी दिसतो. मालिकेतला मुलगा घराबाहेर पडताना माझ्या पाया पडतो."

"फोटोला पाय कुठले?"

श्रीपतराव बोलले, "पंधरा वर्षं कुणी बोलावलं नाही. हेही नाही म्हटलं असतं, तर मी खरंच गेलो असंच धरलं असतं लोकांनी."

यावर मातुश्रींनी कोपऱ्यातली काठी घेतली. मग बोलिल्या, "रिक्षा बोलाव."

आणि मग स्वारी निघाली, पुढे काठी, मागे श्रीपतराव. महालात शिरताच शलाकाबाई सामोऱ्या आल्या, तो मातुश्रींनी काठी तसबिरीकडे करून ती उतरवावयास सांगितले. "आजी, फोटो काढला तर कंटिन्युइटी जाईल. आधीच्या भागात तो दिसलाय."

मातुश्री बोलिल्या, "बाई, आधी मी जायची, मग हा. हा माझ्या घरचा क्रम. तो तू मोडलास, मी काही बोलले का? आता तुझा मोडू दे."

"पण तात्या स्वतः हो म्हणाले होते."

तेव्हा मातुश्री मुलाकडे वळल्या. "असं? मग मी हात लावत नाही. तुला दिसायचंय, तूच ठरव."

श्रीपतराव तसबिरीपुढे बहुत वेळ उभे राहिले. आत तिशीतले तात्या, हातांत ट्रे. हार काढिला तर ही चाकरी शेवटची, हे त्यांस ठाऊक होते. मग त्यांनी हात वर केला, हार उतरविला, आणि तो घेऊन आईकडे निघाले. दारात नवे पायपुसणे होते. डावा अंगठा हळूच त्याखाली गेला, तो मातुश्रींनी पाहिला. श्रीपतराव दोन्ही गुडघ्यांवर आले आणि हार दोन्ही हातांवर अधांतरी, एक मणी हलला नाही.

कोणी हसले नाही. सगळी पोरसवदा माणसे, धावली, "काका, लागलं का, पाणी आणा, डॉक्टरांना फोन लावा." श्रीपतरावांनी गुडघ्यांवरूनच मान वळवून चोहीकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात मातुश्री हसल्या. सदतीस वर्षांत प्रथम, काठी हातून सुटेतो.

सारांश, सदतीस वर्षांपूर्वी चाकरी, अकरा वर्षे वैभव, पुढे उतार, शेवटी तसबिरीस हार, तोही आपल्या हाताने उतरविला. निवाडा मातुश्रींनी तेथेच, सर्वांदेखत, हात पुढे करून सांगितला:

"श्रीपा, वागणं तुझं वाईट. पडणं मात्र चोख. मेलेल्या माणसाला इतकं नीट पडता येत नाही. ऊठ आता, घरी चल."