नवऱ्याच्या कपाळातला कॅमेरा

"कॅमेरा म्हणजे काय वाघ आहे का?" सोफाकाकू म्हणाल्या. "बोलायचंच आहे ना? मग बोलते की. बोलण्यात मला आजवर कोणी हरवलंय का?"

काकूंना बोलण्यात हरवायचं तर आधी त्यांच्या बोलण्यात एखादी फट सापडायला हवी, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याला ती सापडली नव्हती.

काकूंचा धंदा जुन्या सोफ्यांचा. बसके सोफे उठवायचे, करकरणाऱ्या खुर्च्या गप्प करायच्या. हे काम त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नव्या नवरीच्या उत्साहात त्यांनी सासरचा सोफा उसवला आणि तो परत शिवता येईना, म्हणून सासूबाई परगावाहून यायच्या आत शिकावं लागलं. त्यातून पुढे दुकान झालं, आणि आख्खी गल्ली त्यांना सोफाकाकू म्हणायला लागली.

पण अलीकडे लोकांनी सोफे दुरुस्त करणंच सोडलं होतं. बसला की टाक, नवा आण. कोपऱ्यावर एक झगझगीत शोरूम उघडलं होतं. त्याचा मालक रोज एक व्हिडिओ टाकायचा. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे संगीत, आणि हा सोफ्यावर असा अंग टाकायचा की जसा काही ढगावरच पडलाय. लोक त्याला सोफासम्राट म्हणत. काकूंच्या दुकानात मात्र हातोडीचा उपयोग आता माशा मारण्यापुरता उरला होता.

अशात त्या भागातल्या नाटकांच्या सभागृहात सगळ्या खुर्च्यांचं काम निघालं. सम्राट म्हणाला, जुन्या फेका, माझ्याकडच्या नव्या घ्या. काकू म्हणाल्या, लाकूड अजून खणखणीत आहे, नुसत्या गाद्या आणि पट्टे बदला. सभागृहाच्या कमिटीने दोघांनाही एकच उत्तर दिलं: तुमच्या कामाचे व्हिडिओ पाठवा, बघतो.

काकूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे काम मिळालं तर दुकान तगेल. नाही मिळालं तर शटर कायमचं खाली आणि आपण घरी.

"घरी?" नवऱ्याने विचारलं. तो नुकताच निवृत्त झाला होता आणि कुठे आता घरात बसण्यात जम बसत होता. "म्हणजे दिवसभर?"

"दिवसभर."

"मिळायलाच पाहिजे ते काम," तो अगदी कळवळून म्हणाला.

शूटिंगला नणंद आली. ही नणंद बायकांना गाडी चालवायला शिकवायची. त्यामुळे घाबरलेल्या माणसाशी कसं वागायचं हे तिला पाठ होतं, आणि समोर काहीही बिघडायला लागलं की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. घरच्या सोफ्यासमोर तिने मोबाइल स्टँडवर चढवला आणि म्हणाली, "हं वहिनी. सोडा क्लच."

काकूंनी मोबाइलकडे पाहिलं. मोबाइलने काकूंकडे पाहिलं.

"नमस्कार," काकू म्हणाल्या. "मी... मी आहे. हा सोफा. सोफा हा... सोफा असतो."

नणंदेचा पाय ब्रेकवर गेला.

दुसऱ्या खेपेला काकूंनी कागदावरून वाचलं. आवाज असा लागला की ऐकणाऱ्याने सोफा गेला असं समजून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. तिसऱ्या खेपेला त्या हसून बोलायला गेल्या, तर नणंदेने घाईघाईने पाणी आणून दिलं. चौथ्या खेपेला तोंडातून शब्दच फुटेना. हातातल्या उशीची शिवण मात्र टराटरा फुटली.

"नवीन माणूस स्टिअरिंग धरतो तशी ती उशी धरलीय तुम्ही," नणंद म्हणाली. "जरा सैल सोडा."

"अहो वन्सं, पण समोर माणूसच नाही ना. त्या काळ्या भोकाशी काय बोलायचं मी?"

नणंद विचारात पडली. मग म्हणाली, "माझ्या गाडीत नवी बाई बसली आणि तिचे हात कापायला लागले, की मी तिला घरच्यांबद्दल विचारते. सासूवर आली की हात कापायचे थांबतात. नवऱ्यावर आली की गाडी सरळ चालते." आणि तिने इकडेतिकडे पाहत विचारलं, "दादाचा एखादा फोटो आहे का हो?"

फोटो होता. कचेरीच्या ओळखपत्रासाठी काढलेला आणि कशासाठी कोण जाणे, मोठा करून घेतलेला. त्यात त्याच्या चेहऱ्यावर 'मी काय केलं?' असा भाव होता. हा भाव काकूंच्या रोजच्या ओळखीचा. नणंदेने फोटो मोबाइलवर चिकटवला आणि भिंगासाठी बरोबर कपाळावर कात्रीने भोक पाडलं.

तेवढ्यात नवरा चहाचा कप घेऊन आला आणि दारातच थबकला.

"माझ्या कपाळाला भोक पाडलंत?"

"आत काही असतं तर सांडलं असतं, दादा," बहीण म्हणाली. "तू आत जा. वहिनी, बघा त्याच्याकडे, आणि सोफ्याचं काय झालंय ते सांगा."

काकूंनी फोटोकडे पाहिलं. एक श्वास घेतला. आणि मग जे धरण फुटलं!

"बघितलंत? या सोफ्याची ही एकच बाजू का खचली? कारण तुम्ही जन्मभर एकाच जागी बसता. दुसऱ्या बाजूला काय साप आहे? आणि हा वास कसला येतोय? ओल्या टॉवेलचा. आंघोळ झाली की टॉवेल सोफ्याच्या पाठीवर. दोरी आहे ना घरात? ती काय मी उड्या मारायला बांधलीय? टॉवेलचं पाणी आत जातं, फोम कुजतो, स्प्रिंग गंजते, आणि मग तुम्हीच मला विचारता, हा करकरतो का गं? करकरत नाहीये तो. कण्हतोय."

तोंड चालू होतं तसे हातही चालू होते. कापड निघालं, गंजकी स्प्रिंग निघाली, नवी बसली, पट्टा ताणला गेला, खिळे पटापट बसले. शेवटी काकूंनी गादीवर एक सणसणीत चापट मारली आणि म्हणाल्या, "हं. आता बसा. आणि मधोमध बसा."

नणंदेने पाय ब्रेकवरून उचलला. "अंगावर घातलीत गाडी," ती म्हणाली, "पण काय सरळ घातलीत."

व्हिडिओ कमिटीला गेला आणि लोकांसाठीही टाकला. सकाळी बघतात तर खाली लोकांचे निरोपच निरोप. 'काकू, आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?' 'टॉवेल उचलला. परत होणार नाही.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'मिस्टरांना रोज जेवणाआधी दाखवते.' दुकान उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी. बगलेत उशी, नजर खाली. एक चांगले भरघोस मिशांचे गृहस्थ पुढे आले आणि हळूच म्हणाले, "काकू, मीच बसतो एका बाजूला."

"कळतंय ते उशीकडे बघून," काकू म्हणाल्या. "ठेवा तिथे."

मग काय, काकूंना कॅमेरा म्हणजे माहेरच वाटायला लागलं. दुसरा व्हिडिओ सोफ्याच्या हातावर पाय टाकून झोपण्यावर. तिसरा, बिस्किटाचा चुरा फटीत ढकलून 'मी नाही खाल्लं' म्हणण्यावर. चौथा नखं कापण्यावर. त्यात त्यांनी फटीतून पुरावेच बाहेर काढले. बघणाऱ्यांना नवऱ्याचा फोटो कधीच दिसत नव्हता. पण सोफाकाकूंचा नवरा कोण, हे त्या भागात व्हिडिओ न बघताही सगळ्यांना ठाऊक होतं.

तो केस कापायला गेला. न्हाव्याने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि अदबीने म्हणाला, "जरा ओला आहे हं साहेब. पण तुम्हाला चालतो."

आख्खं दुकान हसलं. फेस लावलेले दोघे हसताना कापलेसुद्धा.

नवरा अर्धे केस कापून घरी आला. त्याने तडक मोबाइलवरचा फोटो उचकटला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"अहो, हे काय?"

"माझा चेहरा आहे. परत घेतोय."

"अहो पण शनिवारी कमिटीने बोलावलंय. त्यांचं ठरत नाहीये. दोघांनीही सगळ्यांसमोर खुर्चीचं काम दाखवायचं आहे, कॅमेऱ्यासमोर, मोठ्या पडद्यावर. फोटो नसेल तर मी बोलू कशी?"

"सोफ्यांचं सांग की. माझं कशाला सांगतेस?"

काकू मोबाइलवर उरलेली चिकटपट्टी नखाने खरवडायला लागल्या. बोलल्या त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, पण घरात झाडलं की जे केराच्या टोपलीत जातं, तेच दारात झाडलं की शेजाऱ्यांच्या पायाखाली येतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो त्याने प्यायला. खिशाचं बटण काही उघडलं नाही.

शनिवारी सकाळी सभागृहात पहिला नंबर सम्राटाचा. संगीत वाजलं. काळा चष्मा लावून तो नव्याकोऱ्या खुर्चीत पडला आणि म्हणाला, "आराम ही सवय नाही, आराम हा हक्क आहे." कमिटीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी तर मानही डोलावली.

मग काकू. समोर एक मोडकी खुर्ची, शेजारी हातोडी, आणि पुढ्यात कॅमेरा. मागच्या पडद्यावर त्यांचा चेहरा एवढा थोरला दिसत होता की एकेका भुवईवर दोन-दोन माणसं बसली असती. काकूंनी भिंगाकडे पाहिलं. त्याच्याभोवती कपाळ नव्हतं. नुसतं भोक.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "ही... ही खुर्ची आहे. हिला... चार पाय आहेत."

कोणीतरी खोकलं. सम्राट चष्म्याआडून हसला. कॅमेऱ्यामागे उभ्या नणंदेने स्टेजच्या फळीवर असा ब्रेक दाबला की फळी वाजली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. काकूंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या दुकानाचं शटर हळूहळू खाली यायला लागलं. ते अगदी गुडघ्यापर्यंत आलं, आणि त्यांनी कसंबसं डोळे उचलून कॅमेऱ्याच्या पलीकडे पाहिलं.

तिसऱ्या रांगेत नवरा होता. अर्धे कापलेले केस, चेहऱ्यावर तोच ओळखपत्रातला भाव. तो कधी येऊन बसला कोण जाणे. त्यांची नजर आपल्याकडे वळलेली त्याने पाहिली. मग सावकाश, शिस्तीत, आधी डावा आणि मग उजवा असे दोन्ही पाय चपलांसकट पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"पाय खाली," काकू म्हणाल्या.

मोठ्याने नाही म्हणाल्या. पण माईक चालू होता. सभागृहातले यच्चयावत पाय खाली आले. टेबलाआड पायावर पाय टाकून बसलेले अध्यक्ष सावरून बसले. सम्राटाने तर चष्माही काढला.

"पाठ टेकायला दिलीय ती," काकू बोलायला लागल्या आणि हातोडी आपोआप हातात आली. "तुम्ही तिथे पाय देता. आज एक जण देतो, उद्या दुसरा. मग हा बघा, इथला पट्टा सैल पडतो. पट्टा सैल पडला की गादी घसरते, गादी घसरली की तुम्ही चुळबुळता, तुम्ही चुळबुळलात की ती करकरते, आणि स्टेजवर कोणी रडत असलं तर लोक हसतात. यात खुर्चीचं काय चुकलं? लाकूड बघा हिचं. वाजवून बघा. आपल्यापैकी किती जण या वयात असे खणखणीत वाजतील?"

अध्यक्षांनी नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

काकूंनी खिळे ओठांत धरले आणि त्यातूनही बोलत राहिल्या. शब्द काय होते ते देव जाणे, पण सगळ्यांना सगळं कळत होतं. पट्टे ताणले गेले, गादी बसली, वर रेक्झिन चढलं. शेवटचा खिळा ठोकून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. "या वर. बसा. मधोमध."

नवरा वर आला आणि बसला. सगळे करकर ऐकायला पुढे वाकले. माईक थेट खुर्चीखाली धरला होता. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

मग टाळ्या अशा पडल्या की नणंदेने सवयीने हवेतच हँडब्रेक ओढला. अध्यक्ष स्वतः स्टेजवर आले, नवऱ्याला उठवून खुर्चीत बसले, आणि उठायचंच विसरले. बसल्या बसल्याच म्हणाले, "काम तुमचं. आजपासून लागा. फक्त एक विनंती आहे. कार्यक्रम सुरू होण्याआधी लोकांना दोन शब्द सांगाल का? पायांबद्दल."

बाहेर पडताना सम्राट दाराआडून पुढे आला. चष्मा हातात, आवाज अगदी बारीक. "काकू, आमच्या घरचा सोफा जरा करकरतो. जुना आहे, वडिलांचा. टाकवत नाही हो."

"पाठवून द्या," काकू म्हणाल्या. "आणि तुम्हीही या बरोबर. बसता कसे ते बघायला पाहिजे."

संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी नवऱ्याला विचारलं, "मुद्दाम ठेवलेत ना पाय?"

"मुद्दाम कसले? पुढे जागा कुठे होती?" तो म्हणाला आणि टॉवेल घेऊन तडक आंघोळीला गेला. पण त्याच्या खिशाचं बटण उघडं होतं, आणि स्टँडवरच्या मोबाइलवर फोटो परत चिकटवलेला होता. जरा तिरका. त्याला सरळ काही चिकटवता यायचंच नाही.

काकूंना भरून आलं. आज काही झालं तरी या माणसाला एका शब्दाने बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तो न्हाणीघरातून बाहेर आला. सवयीने टॉवेल सोफ्याच्या पाठीवर टाकला आणि बसला. काकूंनी पाहिलं. शब्द घशापर्यंत आला, तो त्यांनी खिळ्यासारखा ओठांत धरून ठेवला. तो वाट पाहत राहिला.

"काय गं, बरं नाही का तुला?"

"बरी आहे की."

तो आणखीच अस्वस्थ झाला. शेवटी उठला, टॉवेल उचलला आणि स्वतःच्या हाताने, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, दोरीकडे निघाला.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"होता तिथेच ठेवा तो. उद्या शूटिंग आहे."