बंदरासाठी रडार

अंदाजपत्रक म्हणाल, तर मी कशाचंही करून देतो! विहीर, वर्गखोली, स्मशानातलं शेड, काहीही सांगा. सेनगावच्या बांधकाम कार्यालयात अकरा वर्षं हेच चाललंय. बायको-लेकरं कुरुंद्याला, मी इथे, आणि दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज. कंटाळलो हो!

२००३ साली किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कार्यालयाचं पत्र चुकून आमच्याकडे आलं. बंदरासाठी लांब पल्ल्याचं रडार बसवायचं आहे, समुद्रातली जहाजं दुरून दिसली पाहिजेत, खर्चाचा अंदाज आठ दिवसांत पाठवा. आमच्याकडे समुद्र सोडा, मार्चनंतर नळालाही पाणी नसतं!

"परत पाठवू का, साहेब?" मी किशनराव साहेबांना विचारलं.

"काहून? आलेला कागद आपण कधी परत केला न्हाई. तुमी हे करा, मी तुमच्या बदलीची शिफारस करतो."

बदली म्हटल्यावर मी कंबर कसली. दरसूची पालथी घातली, तिच्यात रडार नव्हतं. मग मनोऱ्याला पाण्याच्या टाकीचा दर लावला. वरच्या छत्रीसाठी हिंगोलीच्या टीव्हीवाल्याला फोन केला.

"आपली छत्री लय लांबचं पकडते, साहेब!"

"जहाज पकडेल?"

"ते कोणत्या भाषेतलं चॅनल हाय?"

मी छत्रीच्या किमतीला तीनशेनं गुणलं आणि वर पाच टक्के किरकोळ खर्च धरला.

तेवढ्यात शिपाई उत्तमसिंग चहा घेऊन आला. "काय बनवून राहिले, साहेब?"

"बंदरासाठी रडार. लांबून येताना दिसतात," मी मानही वर न करता म्हणालो.

तिथेच घात झाला! उत्तमसिंगची तांड्यावरची दोन एकर तूर माकडांनी फस्त केली होती. आणि आमच्या बाजारातल्या हिंदीत बंदर म्हणजे माकडच!

दुसऱ्या दिवशी जिपा भरभरून माणसं आली. "साहेब, आमच्या हरभऱ्यात साठ बंदरं येऊन राहिले! पहिलं यंत्र आमाला!" रुक्माबाईनं तर अर्धवट खाल्लेला भोपळा पुरावा म्हणून माझ्या टेबलावर आदळला.

"अहो मावशी, हे जहाजाचं बंदर आहे!"

"व्हय, जहाजाएवढंच हाय एकेक!"

मी दिवसभर समजावलं. घसा बसला, पण एकालाही पटलं नाही. उलट, साहेब यंत्र दुसऱ्याच गावाला देऊन राहिले, असा सगळ्यांचा समज झाला.

किशनराव साहेब शब्दाला जागले, शिफारस गेली. पण तिच्यामागोमाग पाच गावांचे ठराव वर पोहोचले : 'बंदराचे यंत्र बसेपर्यंत या साहेबांची बदली करू नये. असा हुशार माणूस पुन्हा मिळणे नाही.' महिन्याभरात उत्तर आलं. लोकभावना लक्षात घेऊन अर्ज नामंजूर!

मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू? बायकोला पत्रापासून ठरावापर्यंत सगळं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बदलीचं बघू मागून. आपल्या भुईमुगाचं नाव यंत्राच्या यादीत लिवलं का न्हाई?"