आवाज येऊन राह्यला काय?

उन्हाळ्यात घरी कोणी आलं की माणसं कूलर लावतात. आमचे शेजारी ठोंबरे काकाजी चालू असलेला कूलर बंद करतात. मग छताचा पंखा बंद करतात, खिडक्या लावून घेतात, पाहुण्याला दिवाणावर बसवतात आणि कोपऱ्यातल्या काळ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवून हळूच विचारतात, "आवाज येऊन राह्यला काय?"

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हे माझ्यावर ओढवलं, तेव्हा ते गाण्याबद्दल विचारताहेत असं मला वाटलं. पण गाणं लावलेलंच नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर नुसता चालू होता. मी "नाही" म्हणालो. काकाजींचा चेहरा खुलला. ते लगेच उठून आत गेले आणि दोन मिनिटांनी तोंड पाडून बाहेर आले. पुढच्या वेळी मी शहाणपणा करून "हो, येतोय थोडा" म्हणालो, तर आत न जाताच तोंड पडलं. मी शाळेत गणित शिकवतो. पण या गणिताचं उत्तर काय लिहायचं, ते मला समजेना.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. काकाजींचं सायकलचं दुकान पुलगावला होतं. पायांनी दगा दिल्यावर दुकान विकलं आणि शांताकाकूंना घेऊन ते इकडे राहायला आले. दुकान विकल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ती म्हणजे हा अ‍ॅम्प्लिफायर. गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं त्याचं वजन. यंत्र तापू नये म्हणून त्याच्या पोटात तळहाताएवढा पंखा आहे, आणि काकाजींचं सगळं भांडण त्या पंख्याच्या आवाजाशी.

"गोष्ट बारीक आहे, मास्तर," हे त्यांचं पालुपद. गाणं ऐकण्याबद्दलची त्यांची मतं पक्की होती. स्पीकर भिंतीला टेकवायचा नाही. गाणं सुरू असताना चहा ओतायचा नाही. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची वायर सहा फुटांच्या वर जाता कामा नये. त्याच्या वर गेली की आवाज तारेतच मरतो. हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं, देव जाणे. त्यांच्या जावयानं लांब वायर टाकून स्पीकर दोन कोपऱ्यांत टांगायचं ठरवलं होतं, तेव्हा काकाजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

तर पंखा. आधी त्यांना बेरिंगचा संशय आला. जन्मभर सायकली उघडलेल्या माणसाला जगातला प्रत्येक आवाज बेरिंगचाच वाटतो. त्यांनी पंखा खोलला आणि सायकलच्या चाकाला भरतात तसं बोटभर ग्रीस भरलं. पंखा फिरायचाच थांबला. ते ग्रीस रॉकेलनं धुऊन काढण्यात एक रविवार गेला, माझासुद्धा. मग मी वर्ध्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून नवा पंखा आणून दिला. दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं, की हा फिरतोय हे हात लावल्याशिवाय कळत नाही. बसवला. कूलर बंद, छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. मी कान लावून ऐकलं आणि खरंच मला काही ऐकू आलं नाही. काकाजी आत गेले. बाहेर आले.

"नाई जमलं," म्हणाले.

मी चक्रावलो. आत जाऊन हा माणूस ऐकतो तरी काय? आमच्या हिनं आपलं मत दिलं, की म्हाताऱ्याला चळ लागला आहे आणि तुम्हाला त्याचा संसर्ग झाला आहे.

पंखा काढूनच टाका, असं मी सुचवलं. तेही झालं. पण मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात यंत्र वीस मिनिटांत तापून आपोआप बंद पडायचं. तेव्हा काकाजींनी आपल्याकडच्या माणसालाच सुचेल असा उपाय केला. कूलरची वाळ्याची ताटी कापली, ओली केली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीशी उभी केली. यंत्र गार राहिलं, नाही असं नाही. आठवडाभर प्रत्येक गाण्याला वाळ्याचा वास येत होता. आठव्या दिवशी ओल आत शिरली आणि आतून फट्‌ असा आवाज आला. दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडून आधी वास घेतला आणि मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. पंखा परत बसवूनच त्यानं यंत्र हातात दिलं.

या सगळ्यात काकू कुठे होत्या? होत्या तिथेच. त्या फार बोलत नसत. डोक्यावर पदर घेऊन दारालगतच्या खुर्चीत बसायच्या, गाणं लागलं की हसऱ्या तोंडानं मान हलवायच्या. मी नमस्कार केला की नमस्कार करायच्या. मितभाषी बाई, एवढंच मी समजून होतो.

शेवटी एका संध्याकाळी माझा संयम सुटला. अंगाला शर्ट चिकटलेला, सगळं बंद, आणि काकाजींचा तोच प्रश्न. काकू अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मी जरा चिडूनच विचारलं, "काकाजी, तुम्हाला स्वतःला तरी येतो का हो हा आवाज?"

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मान पुसली.

"मले?" ते म्हणाले. "मले कुठं येते. तिले येते."

मग त्यांनी सांगितलं. काकूंचे कान दोनतीन वर्षांपासून गेले होते. संक्रांतीनंतर लेकीनं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. मशीन लावलं की माणसाच्या बोलण्याआधी पंख्याचीच सूं सूं डोक्यात शिरते. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सवय होईल. सवय काही होत नव्हती. मी "नाही" म्हटलं की काकाजी आत जाऊन काकूंना दाराशी आणायचे आणि विचारायचे, आणि त्यांना ती सूं सूं येतच असायची. काकाजी गाणं लावायचे आणि काकू मशीन हळूच काढून डबीत ठेवायच्या. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तिथेच बसून मान मात्र हलवत राहायच्या.

"मंग तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. त्यांची भाषा माझ्या तोंडात कधी आली, ते मला कळलं नाही.

"भजनात टाळ वाजवत होती ती, मास्तर. चाळीस वर्षांत तिचा ताल नाई चुकला. आता मान हलवते, तं एकीकडे गाणं अन्‌ एकीकडे मान." त्यांनी बोटांनी गुडघ्यावर ताल धरून दाखवला. "मी एकटाच ऐकून राह्यलो. तिच्या बाजूले बसून."

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. इतके दिवस या घरात घाम गाळला आणि खुर्चीतल्या बाईकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, यंत्र स्वयंपाकघरात नेऊन ठेवा, दार लोटून घ्या आणि वायर ओढून स्पीकर इकडे राहू द्या. हे सांगतानाच माझ्या लक्षात आलं, की मी त्यांच्या धर्माविरुद्ध बोलतोय.

"तीस फूट होईन," ते म्हणाले. "तारेतच मरते आवाज."

मी म्हणालो, "थोडा मरू द्या." ते उठून स्पीकरची वायर हातात धरून पाहू लागले. मीही उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. अ‍ॅम्प्लिफायर हळदतिखटाच्या डब्यांशेजारी फळीवर बसला होता. तिथून वायर चौकटीवरून, देवघरावरून खिळे ठोकत बैठकीत आणली होती. खिळे सरळ रेषेत होते. त्या दुखऱ्या पायांनी हा माणूस दिवसभर स्टुलावर चढउतार करत होता. आज मला त्यांनी काहीच विचारलं नाही. कूलर, पंखा बंद करून ते स्वयंपाकघरात गेले, जुनं एक भजन लावलं, दार लोटलं आणि काकूंच्या शेजारी येऊन बसले.

काकूंच्या कानात मशीन होतं. त्यांचा हात डबीकडे जाईल म्हणून आम्ही दोघं चोरून त्या हाताकडेच पाहत होतो. हात गुडघ्यावर होता. एक कडवं गेलं. काकूंनी कपाळाला आठी घातली.

"आवो," काकू म्हणाल्या, "केवढ्यानं लावलं. कमी करा नं थोडं."

काकाजी उठले. मी कमी करून येतो म्हणालो, तर त्यांनी मला हातानं बसवलं. दुपट्टा तोंडाशी धरून ते स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले, आवाज कमी केला आणि परत आले. काकू म्हणाल्या, अजून थोडा. ते पुन्हा गेले. त्या संध्याकाळी काकूंनी त्यांना पाच वेळा उठवलं, आणि पाचही वेळा काकाजी स्वतःच गेले, मला एकदाही उठू दिलं नाही.