भाऊंचा डावा हात

भाऊ सबनीस गाडी चालवता चालवता खिडकी उघडायचे, आणि तीही शिकागोच्या जानेवारीत. मुद्दाम नव्हे. आमच्या शॉमबर्ग उपनगरात, म्हणजे अमेरिकेत सगळीकडेच, स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे भाऊंचा डावा हात दाराशी. गाडी ऑटोमॅटिक, गिअर टाकायचं कामच नाही. पण सिग्नल सुटला की तो हात दारावरच पहिला, दुसरा, तिसरा टाकत सुटायचा. काचेचं बटण दाबलं जायचं आणि बर्फ थेट माझ्या चष्म्यावर. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झालेला माणूस दुसऱ्याच्या गाडीतून ऑफिसला जात असेल, तर त्याने बर्फ खावा.

“गिअर टाकायचा नसतो,” भाऊ म्हणायचे. “आधी गाडीला विचारायचं असतं.” नवा मायक्रोवेव्ह असो की लेकीचं कॉलेज, त्यांचा पहिला प्रश्न एकच: विचारलं का? या माणसाने कोल्हापुरात वर्षानुवर्षं गाडी हाणली असणार, अशी माझी खात्री होती.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. इंडियाला जाताना आम्ही दोन्ही जोडप्यांनी वाटेत इंग्लंडला थांबायचं ठरवलं. आम्हाला लंडन पुरे होतं. भाऊंना यॉर्क बघायचं होतं, आणि तेही भाड्याची गाडी स्वतः चालवत. तिथली तटबंदी, दगडी वेशी, भलंमोठं चर्च यांबद्दल ते बोलायचे खरे, पण शेवट ठरलेला: “आणि गिअर डाव्या हाताला.”

सुधावहिनींनी शॉमबर्गहूनच गुपचूप ऑटोमॅटिक बुक केली होती. भाऊंना ते यॉर्कच्या काउंटरवर कळलं. रागावले नाहीत. पंगतीत आपल्यापाशी येऊन श्रीखंड संपावं, तसा चेहरा झाला. मग त्यांनी ती कॅन्सल केली आणि साधी गिअरची घेतली.

“कुंकवासाठी बसतेय हो मी या गाडीत,” असं माझ्या बायकोला सांगत वहिनी मागे बसल्या.

नकाशा माझ्याकडे होता, यातच सगळं आलं. जुनं गाव तटाच्या आत, आणि आम्ही बाहेरून त्याच्याभोवती फिरतोय. चर्चचे मनोरे घरांवरून डोकावायचे आणि पुन्हा लपायचे. दर चौकात गाडी आचके देऊन बंद पडायची. मागचे इंग्रज हॉर्नसुद्धा वाजवत नव्हते, त्यामुळे जास्तच लाज वाटत होती. भाऊ घामाघूम होऊन पुटपुटत होते, “विचारतोय, विचारतोय.”

“प्रदक्षिणा झाली की देवळात जायचं असतं,” मागून वहिनी. “बाहेरूनच नमस्कार करायचा असेल तर तसं सांगा.”

शेवटी तटाबाहेरच्या एका पार्किंगमध्ये गाडी लावली. बायका चहा शोधायला गेल्या. मी धीर करून विचारलं, “भाऊ, कोल्हापुरात कुठली गाडी होती तुमची?”

“माझी? सायकल. गाडी शिकलो ती शॉमबर्गला. गिअरची तर एका मित्राची घेऊन दोन रविवार मॉलच्या पार्किंगमध्ये फिरवली, तेवढीच.”

“मग तुमचा तो हात?”



“बाबा एका साहेबांचे ड्रायव्हर होते. साहेबांना कचेरीत सोडून रिकामी गाडी परत न्यायचे, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मला डावीकडे बसवून घ्यायचे. तेवढाच एक रस्ता. माझा हात गिअरवर, त्याच्यावर त्यांचा. मला शिकवणार होते ते. राहून गेलं.”

मग म्हणाले, “हात ठेव.”

मी उजवा हात गिअरवर ठेवला. त्यावर भाऊंचा डावा तळवा आला, घामेजलेला, जड. गाडी बंदच होती. त्यांनी क्लच दाबला.

“आधी विचार.”

मी विचारलं. पहिला पडला. मग दुसरा. मग तिसरा. चर्च कितीसं बघून झालं, ते आता आठवत नाही.

पुढच्या जानेवारीत शॉमबर्गच्या सिग्नलला भाऊंची काच पुन्हा खाली गेली. मी मफलर कानांवर ओढला आणि तिसरा पडायची वाट बघत बसलो.