पुढच्या फळीचा आगाऊ सत्कार

आमच्या इंदिरानगरात सध्या दोनच प्रश्न गंभीर मानले जातात. त्यात पाणी दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न असा, की गल्लीच्या टोकाला असलेल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची पुढची फळी येत्या हंगामात काय करणार?

पुढची फळी म्हणजे काय, हे मलाही लग्न होऊन इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. संघात पाच जण खेळतात. त्यातले तीन उंच असतात. ते बास्केटखाली उभे राहतात आणि हुकून परत येणारा चेंडू दुसऱ्या कुणाच्या आधी पकडतात. एवढंच. हे मी एकदा सावळीरामअण्णांसमोर असंच बोलून गेले. अण्णांनी चहाचा कप कॉलेजच्या मैदानालगतच्या पायरीवर ठेवला.

"तेजस्विनी, तुझं शिक्षण किती?"

"एम.एस्सी., अण्णा."

"तरीच."

अण्णा एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात बास्केटबॉलचे जाणकार झाले. त्यांनी आयुष्यात हा चेंडू हातात धरलेला नाही, आणि हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. "खेळाडूला फक्त चेंडू दिसतो. आपल्याला खेळ दिसतो." त्यांच्या शेजारी महेशशेठ बसतात. त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दोघांच्या मागच्या पायऱ्यांवर उरलेले समर्थक बसतात, आणि कोण बोलतंय त्यानुसार मान हलवतात.

मी तिथे जाते ती माझ्या लेकीसाठी, आरोहीसाठी. ती चार वर्षांची आहे, आणि आमच्या भागात 'गाडी आली, गाडी आली' असं न ओरडता तिला पळू देता येईल अशी ही एकच जागा. सिमेंटचं मैदान, चारही बाजूंनी जाळी, एकच दार. मी दाराजवळच्या पायरीवर बसते. डोळे तिच्यावर असतात. कान समर्थकांकडे जातात, त्याला माझा इलाज नाही.

मागच्या हंगामातल्या तिघांपैकी एकाला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली. समर्थकांनी ते समजून घेतलं. दुसऱ्याने मात्र घात केला. तो पास झाला. तीन वर्षं शेवटच्या वर्षाला टिकून राहिलेला मुलगा, समर्थकांनी त्याच्यावर विश्वास टाकलेला, आणि या उन्हाळ्यात कुणालाही न सांगता सगळे विषय सोडवून मोकळा झाला.

"अभ्यास करत होता का?" महेशशेठ हादरले होते.

"केलाच असणार. असं आपोआप होत नाही."

"पण तपासणाऱ्यांना तरी कळायला नको? पुढची फळी आहे ती!"

उरला एकटा सार्थक. मखमलाबादचा, झेंडू आणि कोबी लावणाऱ्या घरातला, सहा फूट चार इंच. बोलतो इतका कमी, की समर्थकांना त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं.

आता उरलेल्या दोन जागा कुणाला, यावरून पायऱ्यांवर फूट पडली. अण्णांचा उंची गट आणि महेशशेठांचा उडी गट.

"उंची देवाने दिलेली असते. उडी मारायला जिगर लागते," महेशशेठ म्हणाले.

"मग मार. आत्ता मारून दाखव."

"माझ्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत आहे, अण्णा."

"गुडघ्याला जिगर नसते का?"

संघाचे प्रशिक्षक शिरसाठ सर एकदा पायऱ्यांजवळ आले. म्हणाले, "दोन नवीन मुलं आहेत माझ्या नजरेत. रोज सकाळी सराव झाला तर पावसाळ्यानंतर..."

"सर," अण्णा अत्यंत मायेने म्हणाले, "तुम्ही संघ सांभाळा. चर्चा आमच्यावर सोडा."

वाद महिनाभर चालला आणि मिटेना. अशा वेळी आपल्याकडे जो एक मार्ग उरतो, त्यावर दोन्ही गटांचं एकमत झालं. सत्कार करायचा. पुढच्या फळीचा, शाल आणि श्रीफळ देऊन.

मला राहवलं नाही. "पण अण्णा, हंगाम तर अजून सुरूही झाला नाही. सत्कार कशाचा?"

"हंगाम संपल्यावर सत्कार करायचा तर आधी जिंकावं लागतं," अण्णा म्हणाले. "त्यात धोका आहे."

यथावकाश 'पुढची फळी समर्थक मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष अण्णा, कार्याध्यक्ष महेशशेठ. स्थळ अर्थातच मैदान. मांडववाला म्हणाला, वाळू भरलेल्या ड्रममध्ये खांब उभे करू, सिमेंटला हात लावायला नको. त्यावर मंडळाची बैठक झाली. ड्रम फोटोत दिसतील, असा आक्षेप आला. शिवाय ड्रमवरचा मांडव हलतो आणि व्यासपीठावर ज्येष्ठ मंडळी बसणार. ठराव झाला : खड्डे.

दोन दिवस सिमेंट फोडायचा ब्रेकर चालला. तिसऱ्या दिवशी मैदानात हातभर खोल खड्ड्यांच्या दोन रांगा होत्या. त्यातला एक बरोबर बास्केटखाली, जिथे पुढच्या फळीने उभं राहायचं असतं तिथे. मध्यभागी म्हणून त्यातला खांब मुख्य होता.

सत्कार छान झाला. सार्थकला इतके हार पडले की शेवटी त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. अण्णा पाऊण तास बोलले. शिरसाठ सरांना आभार मानायची संधी मिळाली. हार कुठून आणले म्हणून मी चौकशी केली, तर ते सार्थकच्याच वडिलांच्या मळ्यातले. मोतीरामभाऊ मागच्या खुर्चीवर टोपी सावरत बसले होते.

"भाऊ, मुलाचा सराव बंद आहे हो आठवडाभर."

"असू द्या की ताई. सराव केला तर हारतुरे व्हतात का? हे लय बेस चाललंय. पुढच्या आठवड्यात उडी गटाचा येगळा सत्कार हाय म्हणे. त्यांना शेवंती पायजे."

मांडव गेला. खड्डे राहिले.

आता मी काळजी करणारी बाई आहे, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. आरोहीने द्राक्ष खायला घेतलं तर मी आधी ते चौकोनी तुकड्यांत कापते. ती शिंकली तर मी खिडकी बंद करते आणि खोकली तर उघडते. पण हातभर खोल खड्डा आणि चार वर्षांचं मूल, याला काळजी म्हणत नाहीत. मी कॉलेजच्या कार्यालयात गेले.

"मैदान कुणाचं?" मी विचारलं.

"कॉलेजचं," साहेब म्हणाले.

"मग खड्डे बुजवा ना."

"खड्डे मंडळाचे आहेत."

"अहो, पण आहेत तुमच्या मैदानात."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, नीट समजून घ्या. खड्डा म्हणजे काय? जिथे मैदान नाही, ती जागा. जिथे मैदान नाही, तिथे आमचा संबंध येत नाही."

एम.एस्सी.ला आम्हाला हे शिकवलेलं नव्हतं.

मग मी मंडळाकडे गेले. अण्णांनी ऐकून घेतलं. महेशशेठ तर हळहळले. मंडळ संवेदनशील होतं. त्याच संध्याकाळी उपाय झाला. सत्काराचे उरलेले फ्लेक्स खड्ड्यांवर अंथरले आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. खड्डे दिसेनासे झाले. बास्केटखालच्या खड्ड्यावर सार्थकचा हसरा चेहरा आला, खाली लिहिलेलं : 'आमचा आधार'.

"अहो, हे तर जास्त वाईट झालं!" मी म्हणाले. "आधी दिसत तरी होते!"

"हाच तो मुद्दा," अण्णा महेशशेठांकडे वळून म्हणाले. "बघितलंस? अशी जागरूक माणसं मंडळात हवीत." आणि मला म्हणाले, "तेजस्विनी, आजपासून तू मैदान सुरक्षा समितीची अध्यक्षा. फोटो पाठव."

"मला फोटोबिटो काही नको. खड्डे बुजवा."

"ते समिती ठरवेल. समिती म्हणजे तूच."

मी घरी आले ती तणतणत. नवऱ्याला सांगितलं, असल्या माणसांना फोटो देणार नाही म्हणजे नाही. मग जेवण झाल्यावर महेशशेठांना तीन फोटो पाठवले, कारण आपण नाही पाठवला तर ते सोसायटीच्या पूजेतला लावतील, आणि त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. त्यांना तिसरा आवडला, आरोही कडेवर असलेला. दोन दिवसांत मी जाळीवर झळकले. हात जोडून. शेजारी आरोही, आणि तिच्या नावापुढे 'भावी पुढची फळी'. वयाच्या मानाने उंच आहे ती, हे अण्णांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ती उंच आहे हे कुणीतरी छापील सांगितलं याचं मला बरं वाटलं. समितीची पहिली बैठक मी रविवारनंतर घ्यायचं ठरवलं.

रविवारच्या आधी शुक्रवार आला.

संध्याकाळी सार्थक एकटाच आला होता. फ्लेक्स चुकवत चुकवत बास्केटमध्ये चेंडू टाकत होता. आरोहीचा छोटा लाल चेंडू माझ्या हातून सुटला आणि घरंगळत बास्केटखाली गेला, सार्थकच्या हसऱ्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. आरोही त्याच्यामागे धावली. मी उठले, ओरडले, माझा आवाज जाळीपर्यंतसुद्धा गेला नसेल. तिचा पाय फ्लेक्सच्या काठावर होता तेव्हा तो लांब हात खाली आला. त्याने फ्रॉकच्या पट्ट्याला धरून तिला वरच्या वर उचललं, हुकलेला चेंडू उचलावा तसं. आणि तोल सावरताना त्याचा स्वतःचा पाय फ्लेक्स फाडून आत गेला.

आवाज झाला. तो पडला, पण आरोहीला त्याने छातीवर धरून ठेवलं होतं. तिला ओरखडासुद्धा नाही. ती हसत होती. तिला वाटलं, खेळ आहे.

"ताई, घ्या हिला," तो म्हणाला. मी ऐकलेलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

घोटा मोडला होता. प्लास्टर, आणि हंगाम गेला. दवाखान्यात अण्णा धावत आले, महेशशेठ आले. डॉक्टर बाहेर आल्याबरोबर अण्णांनी काळजीने विचारलं, "उंचीवर काही परिणाम?"

मंडळाने त्याच दिवशी तातडीची बैठक घेतली. सार्थकचा शौर्याबद्दल सत्कार करायचा. मी हात वर केला, म्हणाले, यावेळी तरी मैदानात खड्डे नकोत.

"नवीन खड्डे नाहीच," महेशशेठ म्हणाले. "आहेत तेच वापरू. फक्त मुख्य खड्डा अपघातग्रस्त आहे, तो वापरणं बरं दिसणार नाही. त्याच्या शेजारी एक घेऊ."

सत्कारात शाल मी घातली. अध्यक्षा म्हणून माझा मान होता. सार्थक कुबड्यांवर उभा होता, मान खाली घालून, म्हणजे मला पुरेल इतकी. त्याच्या कानाशी मी म्हणाले, "सार्थक, मी हे बुजवून घेते. शब्द देते." तो म्हणाला, "बघा ताई, जमलं तर."

मोतीरामभाऊ त्या दिवशी आले नव्हते. हारही त्यांच्याकडचे नव्हते.

घरी आल्यावर मी खरंच मनावर घेतलं. आपल्या भागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्काराचा फोटो टाकला, कारण नुसता मजकूर कुणी वाचत नाही. खाली लिहिलं : 'ज्या मुलाने माझ्या लेकीला वाचवलं, त्याच्या मैदानातले खड्डे आपण रविवारी सकाळी बुजवू या. सिमेंट आणि वाळूची सोय शिरसाठ सर करत आहेत. प्रत्येकाने फक्त एक घमेलं आणावं.'

अंगठ्यांचा पाऊस पडला. अंगठे, जोडलेले हात, फुलं, टाळ्या. 'फारच सुंदर विचार.' 'समाजाला अशाच तेजस्विनींची गरज आहे.' 'साडी कुठून घेतलीस गं?' अण्णांनी लिहिलं, 'मंडळाचा पूर्ण पाठिंबा.' मी आरोहीला उचलून गोल फिरवलं.

रविवारी सकाळी मैदानात शिरसाठ सर होते, वाळूचा ढीग होता, आणि कुबड्या बाजूला ठेवून सार्थक पायरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर घमेलं होतं. मीही घमेलं आणलं होतं. साडी मात्र, सांगून टाकते, मी फोटोची नेसले होते.

थोड्या वेळाने महेशशेठ आले. घमेलं नव्हतं. सोबत दोन माणसं, बांबू आणि एक नवा कोरा फ्लेक्स होता : 'श्रमदानास आलेल्या सर्व नागरिकांचे हार्दिक स्वागत'. ते मैदानावर नजर फिरवत म्हणाले, "ताई, हा उभा करायला दोनच खड्डे लागतील. छोटे."

आम्ही तिघांनी दुपारपर्यंत एक खड्डा बुजवला. बास्केटखालचा. बाकीचे अजून तसेच आहेत. मैदानाच्या दाराला आता कॉलेजचं कुलूप आहे, आरोही पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे चेंडू खेळते आणि मी 'गाडी आली, गाडी आली' म्हणून ओरडते. पायऱ्यांवर कुलपाबाहेर उभं राहून चर्चा सुरू आहे. सार्थक नाही म्हटल्यावर तिन्ही जागा मोकळ्या झाल्या, त्यामुळे चर्चेला उलट जास्त वाव मिळाला आहे.

ती पोस्ट मी अजून पुसलेली नाही. मुलगी झोपली की कधीकधी उघडते आणि अंगठ्यांवर बोट ठेवते. तसं केलं की नावं दिसतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी सगळी वाचली आहेत.

तुमचंही आहे.