धोंड्याला गेमची पेटी

जावयाला मुक्कामी ठेवून घेणं ही एक विद्या आहे, आणि अख्ख्या जिंतूर तालुक्यात ती एकट्या मलाच येते, असं मी वैशाख संपता संपता बायकोला छाती ठोकून सांगितलं होतं. हसू नका! माझं बोरीत पाईप आणि मोटारींचं दुकान आहे. नुसता भाव विचारायला आलेला माणूस माझ्याकडून चहा पिऊन, पाईप बांधून, वर एक मोटार घेऊन जातो. तिथं जावई म्हणजे किस झाड की पत्ती!

आता ही विद्या लागली कशाला, ते सांगतो. आमची एकुलती एक लेक निकिता. लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा-बायको दोघंही पुण्याला, पण जावई, म्हणजे प्रीतमराव, मूळचे पाथरीचे. गावाकडं आले की मुक्काम पाथरीला, त्यांच्या आईवडलांकडं. का? तर तिथं एसी आहे आणि नेट पळतं! आमच्याकडं सकाळी यायचं, जेवायचं, उन्हं कलली की "मामा, येतो आता" म्हणून गाडीला चावी. लेक काचेतून हात हलवणार, इकडं माझ्या बायकोचे, राजेश्रीचे डोळे भरणार, आणि मग जेवताना ती मला विचारणार, "माज्या लेकीला माज्या घरी एक रात झोपायला मिळंना. कसलं हो हे माहेर?"

खरं सांगतो, हे ऐकलं की मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना! लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला सासुरवाडी टाळता येत नाही. मी निकिताला फोनवर हळूच विचारलं, "जावाईबापूंना काय आवडतं गं?"

"गेम, पप्पा! नवा कन्सोल आलाय ना, रोज मोबाइलवर त्याचे फोटो बघत बसतात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चांदीचं निरांजन दिलं तर जावई ते पिशवीत घालून पाथरीला नेणार. पण गेमची पेटी दिली, आणि ती आमच्याच टीव्हीला जोडून ठेवली तर? पेटी इथं म्हणजे जावई इथं, आणि जावई इथं म्हणजे लेक इथं! राजेश्रीला म्हणालो, "तू फक्त पुरण वाट. आठ दिवस लेक हलत नाही."

परभणीला जाऊन पेटी आणली. दुकानदार लय बजावून सांगत होता. "काका, ही तापू द्यायची नाही. नेट चांगलं लागतं. आवाजाचं विचाराल तर नावालासुद्धा नाही. चालू आहे का बंद, तेच कळत नाही!"

"मला काय सांगायलात? माझा जन्म मोटारी गार करण्यात गेला!"

आता आमच्या घरात गार जागा एकच. कुलरपुढची. आमचा कुलर पत्र्याचा, चांगला कपाटाएवढा. चालू झाला की मळणीयंत्र घरात घुसल्यासारखं वाटतं, पण वारं असं देतो की चादर उडते. मे महिन्यात आमच्या भागात कुलरपुढं कोण बसतं त्यावरून घरात कुणाचा मान किती ते कळतं. आमच्याकडं तिथं माझे वडील बसतात. आप्पाराव त्यांचं नाव, आम्ही आबा म्हणतो. आबांची बाज मी भिंतीकडं सरकवली आणि तिथं स्टूल मांडून पेटी ठेवली.

"रामहरी, हे काय ठिवलंस?"

"गेमची पेटी, आबा. तिला गार ठेवावं लागतंय."

"अन् मला?"

"तुमी जरा तिकडं सरका ना दोन दिवस."

"तिला काय घाम येतो का रे?" आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

धोंड्याचा दिवस उजाडला. लेक-जावई आले. पाय धुतले, ओवाळलं, धोंडे वाढले, आणि मग मी पेटीवरचा टॉवेल ओढला. जावयाचं तोंड असं फुललं की विचारू नका! "मामा! खरंच?"

"तुमचीच हाय. फक्त ऱ्हाणार मात्र इथंच! टीव्ही मोठा हाय आपला."

जावयानं वायरी जोडल्या, बटण दाबलं. टीव्हीवर निळी पट्टी आली.

"अपडेट घ्यावं लागेल आधी. मगच खेळता येईल."

"घ्या की! आपलं नेट हाय."

आपलं नेट म्हणजे लिंबाजीचं. लिंबाजी माझा शाळूसोबती. गावात केबल आणि नेट तोच चालवतो. त्याची वायर खांबावरून कडुलिंबावर, कडुलिंबावरून आमच्या गच्चीवर, अशी येते. पट्टी पुढं सरकायली, पण कशी? उसाची भरलेली बैलगाडी चढावर सरकावी तशी!

जावई बिचारे डोळे लावून बसले. कुठं? कोपऱ्यात! कारण कुलरपुढं पेटी. धोंड्याचा नारायण घामानं निथळायलाय आणि पेटी गारेगार! राजेश्रीनं मला डोळ्यांनीच झापलं. मी म्हणालो, "पेटी तापली तर सगळंच गेलं, तू गप."

तेवढ्यात आबा उठून पेटीपाशी आले. कान लावला.

"चालू हाय का ही?"

"हाय, आजोबा," जावई कुलरच्या वरताण ओरडले.

"मग आवाज कुठाय?"

"आवाज करतच नाही ती!"

"चक्की आवाज करती, मोटार करती, कुलर करतो. न बोलता चालणारी मशीन म्या अजून बघितली न्हाई. बंद पडली असंल." असं म्हणून आबांनी बोर्डावरचं बटण खट्‌कन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि बाजेवर जाऊन बसले. "हं. करून दिली चालू."

निळी पट्टी पुन्हा आरंभाला! जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं का घाम, ते मला कळलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण पाव्हणे आलेत म्हणून राजेश्रीनं कौतुकानं कुलर काठोकाठ भरला. कुलरनं एक उचकी दिली आणि फर्रर्र करून पाण्याचा फवारा पेटीवर! सोबत जाळीतलं गवतही आलं.

"मामा, पाणी! पाणी!" जावई झेपावले. मी टॉवेल घेऊन झेपावलो. आमची डोकी आपटली. पेटी आतून 'खर्रर्र, खर्रर्र' करायला लागली.

आबांचं तोंड पहिल्यांदा उजळलं. "आता कशी चालू झाली बघ!"

मी दुकानाकडं धूम ठोकली, मोटारी साफ करायचा ब्लोअर आणला, आणि जावयानं पेटीच्या पोटातून गवताची काडी न काडी उडवून काढली. नशीब माझं! पेटी वाळली, जगली, पुन्हा गप्प झाली. तिला कुलरसमोरून हलवून कपाटावर ठेवली आणि ती जागा जावयाला दिली. तोवर उन्हं कलली होती. मी मनात म्हणालो, संपलं. आता 'मामा, येतो' ऐकायचं.

जावई टीव्हीकडं बघत म्हणाले, "मामा, अपडेट अर्ध्यात आहे. आज थांबतो इथंच."

राजेश्रीनं हातातलं ताट तिथंच ठेवलं हो! तिनं कपाटातली नवी चादर काढली, लेकीच्या उशाशी बसली, आणि मायलेकींची जी कुजबुज सुरू झाली ती मी झोपेपर्यंत चालूच होती. मला वाटलं, जिंकलो!

सकाळी उठून बघतो तर काय? पट्टी जवळजवळ भरत आलेली! आता अपडेट संपणार, जावई एखादा डाव खेळणार, मन भरणार, आणि जेवून पाथरी! तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेक पेटीमुळं नाही, रडक्या नेटमुळं राहिली आहे. तसाच लिंबाजीच्या दुकानात गेलो.

"लिंबाजी, माझं नेट हळू कर."

"लोक फास्ट कर म्हणून आई-बाप काढायलेत, अन् तू हळू कर म्हणतूस? ऊन लागलं का?"

"पाया पडतो तुझ्या! लेकीचा प्रश्न हाय."

"हळू करायचं मला येत न्हाई. बंद करायचं येतं. पर सगळ्या गल्लीचं जाईल."

"जाऊ दे गल्ली!"

त्यानं वायर उपटली. मी शीळ घालत घरी आलो. जावई रिमोट हातात धरून बसलेले. "मामा, नेट गेलं."

"अरारारा! आता वो कसं?"

"आता काय, येईपर्यंत थांबावं लागेल."

मी चेहरा पाडला, पण आतून नाचायलो होतो. तेवढ्यात जिन्यावरून निकिता उतरली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लॅपटॉप, तोंड टोमॅटोसारखं लाल.

"अगं, गच्चीवर काय करायलीस उन्हात?"

"काम, पप्पा! घरून काम करायची परवानगी काढली होती मी. साहेब म्हणाले, आज एक दिवस करून दाखव, जमलं तर महिनाभर माहेरी राहा. मीटिंग अर्ध्यात असताना नेट गेलं! मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर. तिथं बसले तर लॅपटॉप तापून बंद पडला!"

मी राजेश्रीकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. "रात्री सांगितलं तिनं मला. महिनाभर ऱ्हाणार होती माजी लेक! तुमच्या पोटात काही ऱ्हात न्हाई, जावयापुढं बोलून घाण कराल, म्हणून तुमाला बोलले न्हाई."

महिनाभर! मी आठ दिवसांसाठी अख्ख्या गल्लीचं नेट घालवलं, आणि लेक महिनाभर राहणार होती! मी पळत सुटलो. लिंबाजीच्या दुकानाला कुलूप. बाहेर सगळी गल्ली जमलेली, हातात मोबाइल, तोंडात शिव्या. कुणीतरी म्हणालं, लिंबाजी माणसं बघून मागच्या दारानं जिंतूरला पळाला. फोन लावला तर बंद.

घरी आलो तोवर निकितानं पिशवी भरली होती. "दुपारची मीटिंग चुकली तर नोकरी जाईल, पप्पा. पाथरीला जाते. तिथं नेट आहे."

"आन् जावाईबापू?"

जावई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मी कशाला? माझी नवी नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होते. आणि धोंड्याचं वाण असं अर्धवट सोडलं तर मामांना वाईट नाही का वाटणार?"

लेक एकटीच गाडी घेऊन गेली. राजेश्री फाटकात किती तरी वेळ उभी होती. मी तिच्या मागं उभा होतो आणि खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

तेही काम लिंबाजीनं केलं! दुपारी दारातूनच ओरडत आला, "रामहरी, केलं बाबा चालू! तू म्हनलास म्हणून बंद केलं, अन् माणसं माज्या अंगावर! पुन्हा असलं काम सांगू नको!"

राजेश्री भांडी घासत होती. तिनं हातातलं पातेलं माझ्या पायाशी आदळलं आणि आत निघून गेली.

संध्याकाळी अपडेट संपलं आणि जावयाचा गेम सुरू झाला. त्याच वेळी पाथरीहून विहीणबाईंचा फोन आला. आवाजात नुसता गोडवा! "तिकडचं नेट भरवशाचं न्हाई म्हणून निकिता महिनाभर इथूनच काम करते म्हणायली. घर कसं भरल्यावानी वाटायलंय बघा! आमचा प्रीतम तिकडं बरा हाय ना? ऱ्हाऊ द्या त्याला निवांत."

म्हणजे धोंड्याच्या महिन्यात लेक तिच्या सासरी आणि जावई त्यांच्या सासरी! अशी अक्कल परभणी जिल्ह्यात आजवर कुणी चालवली असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्री नवं लुगडं नेसून, अनारशांचा डबा काखेत मारून बाहेर आली. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी ही बाई!

"कुठं निघालीस?"

"पाथरीला. माज्या लेकीपाशी. तिथं माज्या जिवाला गारवा हाय. तुमचा जावई तुमी आणलाय, तुमीच संभाळा."

बस निघून गेली. घरात आलो तर आबा कुलरपुढं, जावई आबांच्या शेजारी, दोघांच्या हातात रिमोट! टीव्हीचा आवाज कानठळ्या बसवणारा, म्हणून आबा खूश.

"मामा," जावई म्हणाले, "आज जेवायला काय?"

धोंड्याचा महिना, नारायणाला उपाशी कसं ठेवणार? चुलीपाशी गेलो, डबे धुंडाळले, पोहे केले. मीठ दोनदा पडलं. खाली लागले ते वेगळंच. मनात म्हणालो, एक घास खाल्ला की हा माणूस आपसूक पाथरीची बस धरील, आणि मागं राजेश्री तरी येईल.

जावयानं ताट चाटून पुसून साफ केलं. "भारी झालेत, मामा! महिनाभर हेच करत जा."