सकपाळांचं न डुगडुगणारं टेबल

सकपाळ हॉटेलात शिरले की आधी टेबल हलवून बघतात. दोन्ही पंजे टेकवून असा जोर देतात, की गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहतो. टेबल जरा डुगडुगलं, की "रिस्क नको" म्हणून बाहेर. मागोमाग मी, उपाशीच.

तळोज्याच्या आमच्या कंपनीत ते स्टोअरकीपर, मी क्लार्क, आणि दोघंही राहायला नेरूळला. शनिवारी हाफ डे. सहा महिने दर शनिवारी हा माणूस मला घेऊन वाशीपासून बेलापूरपर्यंत 'बरोबर हॉटेल' शोधत हिंडला.

टेबल पास झालं तर ग्लास. काचेचा असला की नापास. स्टीलचाच हवा, तोही जड बुडाचा. मग मेनूकार्ड. "सुकं काय आहे?" वेटर डोसा म्हणाला की, "सांबार नाही दिलं तर चालेल ना?" फॅमिली रूमचा पडदा पूर्ण लागतो का, तेही स्वतः ओढून बघायचे.

एकदा मी वैतागलो. "सकपाळ, जेवायचंय की हॉटेल विकत घ्यायचंय?"

घाम पुसत म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं हे टेन्शन."

शेवटी सानपाड्याचं एक पास झालं. "रविवारी तुमच्या वहिनींना आणतोय. तुम्ही पण या, मला धीर येईल."

वहिनी बेसिनवर हात धुवायला गेल्या, तेवढ्यात सकपाळांनी सांगून टाकलं. आजारपणानंतर तिचा उजवा हात थरथरतो. एका लग्नाच्या पंगतीत आमटी सांडली, कोणीतरी हसलं. तेव्हापासून घराबाहेर घास नाही. मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

पडदा लावला. डोसे आले. वहिनींचा हात पदराखालीच. आम्ही दोघं उगाच पंख्याकडे बघत बसलो. सकपाळांच्या कपाळावर घाम. घसा ओला करायला त्यांनी ग्लास उचलला, आणि हात असा लटपटला की अख्खा ग्लास टेबलावर, तिथून पँटवर.

झालं, मी मनात म्हटलं. आता या उठणार.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. पदराखालचा हात बाहेर आला आणि थरथरतच टेबल पुसायला लागला. "पाणीच आहे ना. एवढं काय घाबरायचं?"

त्याच हातानं त्यांनी डोसा मोडला. दोन घास झाले आणि म्हणाल्या, "अहो, डोशाबरोबर सांबार नाही का सांगितलं?"

सकपाळांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. मग पडद्याबाहेर डोकं काढून वेटरला म्हणाले, "तीन सांबार आण. वाट्या काठोकाठ भर."